युनियनमधली खुर्ची

२ जून

रुजू झाले! क्रांती चौकाजवळ काकासाहेबांचा कॉम्प्युटर क्लास, दुसरा मजला, आणि मी सी लँग्वेजची मॅडम. लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं आले. आईनं भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी एवढी बांधून दिली, जशी काय मी काळ्या पाण्यावर चाललेय. बापानं गाडी सुटताना एकच सांगितलं, सही करशील तिथं पूर्ण नाव लिही. आमच्या आज्याला गावात कुणी कधी नावानं हाक मारली नाय, नुसतं 'ए' म्हणायचे. त्यामुळं बापाला नावाचा लई सोस. तर मंडळी, विशाखा कडुबा खरात हजर!

काकासाहेब हसतमुख, पण एक नंबरचे चिक्कू. नव्या माणसाला नवं काही घ्यायचं नाय, हा त्यांचा नेमच. आधीच्या करुणा मॅडमची खुर्ची मला, तिचा कप मला, तिचा मार्करसुद्धा मला. माणसं बदलतात, जागा तीच असते, म्हणाले. खुर्चीची लिहायची फळी डावीकडं आहे, म्हणजे बाई डावखुरी असणार. पोरं दिवसभर मला चुकून करुणा मॅडमच म्हणत होती. लई जीव होता त्यांचा. ती सिल्लोडला माहेरी गेलीय, येईलही परत, असं काकासाहेब म्हणाले.

४ जून

आज स्ट्रक्चर अन् युनियन शिकवलं. झकास जमलं! स्ट्रक्चर म्हणजे मिसळणाचा डबा. हळद, तिखट, मोहरी, ज्याला त्याला आपली वाटी. युनियन म्हणजे सगळ्यांत मिळून एकच वाटी. हळद होती त्याच जागी तिखट भरलं, की हळद गेली.

पोरं पेंगायला लागली म्हणून गंमत केली. युनियनला नाव दिलं 'खुर्ची'. तिच्यात आधी करुणाचं नाव टाकलं, मग त्याच जागेवर विशाखा. मग कॉम्प्युटरला म्हटलं, करुणा दाखव. त्यानं दाखवलं विशाखा. वर्ग खो खो हसला. श्रेया म्हणून एक चुणचुणीत पोरगी आहे, तिनं विचारलं, वरून टाकलेलं नाव आखूड असलं तर? मी म्हटलं, ते झाकेल तेवढंच झाकतं, जुन्या लांब नावाची शेपटी मागं तशीच पडून राहते. काकासाहेब दारातून ऐकत होते. त्यांना एवढं आवडलं की म्हणाले, हा प्रोग्रॅम जपून ठेवा, नवीन माणूस आला की चालवत जाऊ.

६ जून

आता कुणी मला करुणा मॅडम म्हणत नाय. बरं वाटलं. मग सहज श्रेयाला विचारलं, तुमच्या करुणा मॅडम फोन करतात का? ती म्हणाली, कोण करुणा?

मस्करी वाटली. सगळ्या वर्गाला विचारलं. कुणालाच नाय माहीत. काकासाहेबांकडं गेले तर ते म्हणाले, मॅडम, इथं सी शिकवायला पहिल्या तुम्हीच. मग हा कप कुणाचा? त्यांनी विषयच बदलला.

बद्रीनाथ चहावाल्यानं आज बिनसाखरेचा चहा आणला. मला एरवी चहा पाकासारखा गोड लागतो. तरी गपगुमान प्यायले, अन् आवडला. हजेरी घेताना पेन डाव्या हातात होतं. मी तर उजव्या हातानं लिहिते.

९ जून

करुणाच्या घरचा नंबर भिंतीवर मार्करनं लिहिलेला. लावला. तिची आई केसरबाई बोलली. म्हणाली, मला पोरगी नाय बाई, दोन पोरंच हायेत. फोन ठेवता ठेवता म्हणाली, बुधवारपासून डोळ्याचं पाणी खळंना, का ते कळंना. तुला ठावं हाय का?

बुधवारी मी तो प्रोग्रॅम चालवला होता. 

११ जून

काकासाहेब खुशीत. नवे सर येतायत, ऋतुराज. शुक्रवारी त्यांचा डेमो. काय शिकवणार? युनियन. तोच प्रोग्रॅम, खाली फक्त त्यांचं नाव टाकायचं.

 असा राग आला! मी काय वाटीतली हळद आहे व्हय, कुणीही यावं अन् तिखट भरावं? खाली गेले, प्लास्टिकची खुर्ची घेतली, माझ्या शेजारी मांडली. प्रोग्रॅम उघडून युनियन शब्द खोडला, स्ट्रक्चर केलं. चालवला. दोन्ही नावं आली, आपापल्या जागी!

मागच्या बाकावरून श्रेया म्हणाली, करुणा मॅडम परत कधी येणार? तेवढ्यात केसरबाईचा फोन. रडत होती, पोरगी आठवली म्हणून. पण ती घरी आलीच नाय, तिथंच हाय ना, असं विचारत होती.

शेजारची खुर्ची करकरली. भ्यायले. पण म्हटलं, बस माय, ही तुझीच जागा.

१३ जून

ऋतुराज आला. प्रोग्रॅम बघून हसला. मॅडम, चुकलंय तुमचं. एक शब्द बदलला, परत युनियन. दुसरी खुर्ची काकासाहेबांनी गच्चीवर टाकली. एका जागेला दोन खुर्च्या कशाला, म्हणाले. भांडले. जाम भांडले. ऐकंनात.

तो प्रोजेक्टर आणायला गेला. मी कॉम्प्युटरवर. वेळ नाय. माझं नाव लांब केलं. पूर्ण. बापानं सांगितलं तसं. त्याचं नाव आखूड आहे. झाकू दे, झाकेल तेवढं—

डेमो सुरू झाला. पोरं माझ्याकडं बघत नायत—

आईला फोन. कोण बोलतंय, म्हणाली. आये, मी गं, मी— म्हणाली, राँग नंबर—

तो माझ्याच खुर्चीत बसलाय. माझ्यावरच. जड आहे. उठणार नाय. मी उठणार नाय—

पुढचं नाव आठवंना. मागचं आहे. बापा, मागचं आहे! — कडुबा खरात— बघ, परत लिहिते— कडुबा खरात— ही माझी जागा— श्रेया, ऐकतेस का, शेपटी राह—