डावा स्पीकर

प्रिय आई,

पुन्हा तेच. परवा फोनवर म्हणालीस, भिरभिऱ्या, तुझं बूड कुठं स्थिर नाही, तीन वर्षांत पाच कामं बदललीस. बदलली! गोदामातला मुकादम हात उगारायचा म्हणून ते सोडलं, बेकरीत भट्टीपाशी चक्कर यायची म्हणून ते. पण सोडलेलं प्रत्येक काम मी तुला सांगितलं. तुझं काय? मी पुढं बोलणार, तेवढ्यात तुला ठसका लागला आणि 'रेंज गेली रे' म्हणून तू फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्राची रेंज जात नाही. आणि हे मावशीकडून वाचून घेऊ नकोस. चौथीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, तू सावकाश लावून वाच.

थेटरात मी टिकलोय, आठ महिने झाले. तुला वाटतं तसं हे मारामारीच्या सिनेमांचं थेटर नाही. नव्वद खुर्च्या, त्यातल्या चार मोडक्या. इथं खऱ्या माणसांच्या फिल्म लागतात, डॉक्युमेंटरी. कुणी मिठागरातले, कुणी तुरुंगातले, नट एकही नाही. पहिल्या आठवड्यात मी मास्तरांना विचारलं, लोक हे पैसे देऊन बघतात? मास्तर म्हणजे आमचे मशीन चालवणारे म्हातारबा. म्हणाले, तुझं काम तिकिटं फाडायचं, तोंड उघडायचं नाही.

गुरुवारी दुपारी नवी फिल्म रिकाम्या हॉलमध्ये एकदा चालवून बघतात. मास्तर वर मशीनपाशी, मी खाली. दर पाच मिनिटांनी मी खुर्ची बदलायची आणि आवाज कुठं फाटतो, चित्र कुठं काळं पडतं ते ओरडून सांगायचं. या खेपेची फिल्म जुन्या कपड्यांची होती. लोकांनी टाकलेले कपडे गठ्ठ्यांनी येतात, बायका पात्यावर बटणं नि चेन कापून काढतात, रंगारंगाचे ढीग लावतात, मग यंत्र त्यांचा पुन्हा कापूस करतं. मला हसूच आलं. म्हटलं, हे तर आईचं जुनं काम. जुनं! माझे पैसे यायला लागले तेव्हा, दोन वर्षांपूर्वी सोडलेलं. पडद्यावर सगळ्यांच्या तोंडाला फडकी, हवेत नुसती धूळ. मी डाव्या कडेला जाऊन बसलो तर खरखर ऐकू आली. ओरडलो, मास्तर, डावा स्पीकर गेला! ते फिल्म थांबवून खाली आले, वायर हलवली, कान लावून बघितलं, फिल्म मागं नेऊन पुन्हा चालवली. त्याच जागी तीच खरखर. मग पडद्यावरच्या बाईनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

स्पीकरला काही झालं नव्हतं, आई.

खोकून झाल्यावर तू पाणी प्यालीस आणि सिनेमावाल्या बाईंना हसत सांगितलंस, माझ्या पोराला वाटतं मी घरी बसून टीव्ही बघते. त्याच्या पैशाला मी हात लावत नाही, सगळे डब्यात ठेवते, त्याला उद्या संसार करायचाय. वर आणखी, हे इकडं दाखवू नका हं, शेजारीपाजारी त्याच्या कानावर घालतील. लांब कुठं दाखवायचं तर दाखवा. काय हुशार गं तू! लांब म्हणजे कुठं, तेवढं नाही विचारलंस.

शनिवारी खेळ भरला. फिल्म संपली की लोक ती करणाऱ्याला प्रश्न विचारतात, म्हणून त्या बाईही आल्या होत्या. मी वर मशीनपाशी उभा होतो. तू पडद्यावर आलीस तसा माझा हात आवाजाच्या बटणावर गेला. एवढ्या परक्या माणसांनी तुझी छाती ऐकायची, मला सहन होईना. मास्तरांनी मनगट धरलं. ऐकू दे, म्हणाले. टीव्हीच्या वाक्याला लोक हसले. तुला नव्हे, तुझ्या बोलण्याला, तरी माझे कान तापले. नंतर एकीनं विचारलं, त्या मुलाला आता माहीत आहे का? बाई म्हणाल्या, नाही. मी जिन्यात आलो होतो, हातात बॅटरी. सगळे गेल्यावर त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, तो मुलगा मी. त्यांनी मला शेजारच्या खुर्चीत बसवलं.

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी हे पत्र. शूटिंगच्या वेळी त्यांनी डॉक्टर आणला होता. त्यानं तुझी छाती तपासून चिठ्ठी दिली, आठवड्याच्या आत छातीचा फोटो काढा. त्याला पाच महिने झाले. तू म्हणालीस, अर्धा दिवस बुडतो, आणि फोटोचा खर्च कोण करणार. मी तुला काम सोड म्हणणार नाही. म्हटलं तर तू पुन्हा सोडलं म्हणून सांगशील. मला तो फोटो हवाय, डॉक्टरनं खाली काय लिहिलं त्या कागदासकट, थेटराच्या पत्त्यावर. दहा तारखेपर्यंत आला नाही तर हेही काम सोडून तुला उचलून न्यायला येतो, मग कितीही बोल. दोन्ही आकडे मी बाईंकडून विचारून घेतलेत, त्यामुळं डब्यात टाकायला या वेळी वरचा एक पैसा नाही. फोटोचे सहाशे आणि बुडणाऱ्या अर्ध्या दिवसाचे दोनशे चाळीस, असे आठशे चाळीस पाठवतोय.

तुझाच,
भिरभिऱ्या