हरणाऱ्याचं अंडं

मुखो बंदर,
चुसोकचा सण उलटून गेल्यावरचा पहिला सोमवार

चि. युनसुल हिला आजीचे अनेक आशीर्वाद.

तू मला विसरली असशील, म्हणून आधी ओळख करून देते. मी जोम-रे. तुझ्या बापाची आई. ठेंगणी, कमरेत वाकलेली, गुडघ्यांच्या नावाने सारखी कुरकुरणारी. तुला पाठीला बांधून मासळीबाजारात हिंडायची ती म्हातारी. काही लक्षात येतंय का? नसेल तर कपाटावरचा फोटो पाठवते, तो बघून आठव. सणाला तू येणार म्हणून तांदळाच्या पिठाचे सोंगप्योन वळून ठेवले होते. तुझ्या वाटणीचे ग्वाक बाईने खाल्ले आणि वर म्हणाली, सारणात तीळ कमी पडलेत.

इकडे सगळं ठीक आहे. माकूल मासळी यंदाही कमीच लागतेय. दोरीवर वाळत घालायला नेहमीच्या निम्मीसुद्धा नाही, त्यामुळे मांजरं माझ्याकडे रागाने बघतात. वारा सुटलाय. मी अजून ग्वाक बाईच्या गेम कॅफेत जाते, मुलांना राम्यनच्या शेवया करून घालते. ती म्हणते, आता घरी बसा. मी म्हणते, घरी बसून कुणाला नावं ठेवू?

एरवी माझी पत्रं ग्वाक बाई लिहायची. तिचा हात सध्या प्लास्टरमध्ये आहे, घाटाच्या पायऱ्यांवर घसरली. मग दुसरा माणूस धरून आणलाय. अक्षर बरं आहे, स्वभावाचं विचारू नकोस. पहिल्या ओळीलाच तू ओळखलं असशील. हो, तोच. तुझा बाप.

आत्ता म्हणाला, "आई, हे कशाला लिहायचं?"

"लिही म्हटलं ना. मी सांगते ते सगळं लिहायचं. मला वाचता येत नाही म्हणून गाळशील, तर पोस्टातल्या हान बाईकडून पाकीट चिकटवायच्या आधी वाचून घेणार आहे. तिचा आवाज कसा आहे तुला माहीत आहे. सगळ्या रांगेला ऐकू जाईल."

लिहितोय आता. मान खाली घालून, शाळेतल्यासारखा.

तर पोरी, मुद्द्याचं. परवा फोनवर तू म्हणालीस, मी खेळ सोडते, आत्याच्या बेकरीत लागते. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. माझं "बरं" खरं नव्हतं. त्याच्या आधी तुमच्या संघाच्या मॅनेजरचा फोन येऊन गेला होता. म्हणाला, त्या मॅचनंतर युनसुलने कीबोर्डला हात लावलेला नाही, जेवायला खाली येते आणि परत वर जाते. महिनाअखेर राहायचं की जायचं ते तिने सांगायचंय. आम्ही तिला काढत नाही, पण जागा रिकामी ठेवता येत नाही. चांगला माणूस वाटला. बोलताना दोनदा माझी माफी मागितली, कशाबद्दल ते मला कळलं नाही.

काय झालं ते मला ठाऊक आहे. तुझा तो राज्य बांधायचा आणि दुसऱ्याचं मोडायचा खेळ. हरलेल्याने "छान खेळलात" असं लिहायचं आणि उठायचं, हा तुमचा रिवाज. एकदा लिहिलं की संपलं, शब्द मागे घेता येत नाही. तू ते लिहिलंस, आणि त्याच घडीला समोरच्या मुलाचा हात माऊसवरून सुटून कीबोर्डकडे निघाला होता. तोही तेच लिहायला चालला होता. त्याच्याकडे तुझ्याहूनही कमी उरलं होतं. अजून एक श्वास थांबली असतीस तर हरल्याचं त्याने कबूल केलं असतं. आता सगळा देश हसतोय. हसू दे. देशाला दुसरं काम नाही.

हे सगळं मला कुणी सांगितलं, ते पुढे येईल.

आधी मी माझी अक्कल सांगते. तू म्हणशील, आजीला खेळातलं काय कळतं? कळत नाहीच. पण इतकी वर्षं मी खेळणाऱ्यांच्या पाठीमागून थाळ्या नेतेय. तुम्ही पडदा बघता, मी तुमच्या माना बघते. सुरुवातीला मला वाटायचं, जो ओरडतो, कीबोर्ड बडवतो, खुर्ची मागे ढकलून उठतो, तो खरा खेळाडू. जीव लावून खेळतोय बिचारा, म्हणून त्याच्या राम्यनमध्ये मी माझ्या मनाने एक अंडं फोडायची. ग्वाक बाईला सांगायची नाही. तसली बरीच अंडी वाया गेली. ती मुलं पुढे दिसलीसुद्धा नाहीत.

मग तो बर्फाच्या कारखान्यातला मून. आठवतो ना, ज्याच्या अंगाला कायम थंडीचा वास यायचा? एकदा तो सडकून हरला. मी थाळी घेऊन गेले, तर पडद्यावर तेच चाललेलं, मघाचंच. म्हटलं, "अरे, परत हरतोयस की काय?" तर म्हणाला, "नाही आजी, मघाशी हरलो तेच बघतोय." राम्यन फुगून लापशी झाली तरी याचं लक्ष नाही. मागे नेतोय, पुढे नेतोय, आणि एकाएकी हसला. "इथे! आजी, इथे माती खाल्ली मी!" हरवलेली किल्ली सापडल्यावर माणूस हसतो तसा. त्या दिवसापासून अंडं कुणाला, हे मी ठरवून टाकलं. हरून उठून गेला, त्याला साधं. जिंकला, त्यालाही साधं. हरला आणि तिथेच बसून आपलं हरणं परत लावून बघितलं, त्याला अंडं. मुलं भांडायची. "आजी, मी जिंकलो, मला का नाही?" मी म्हणायची, "जिंकलास ना? मग आणखी अंडं कशाला हवं?"

तुला नात म्हणून मी कधी अंडं घातलं नाही, तेव्हा मनात काही आणू नकोस. तुझं पहिलं अंडं तू शाळेच्या गणवेशात मिळवलंस. मूनने खेळात तुला धुऊन काढलं होतं. तू रडलीस. नाक पुसलंस, गणवेशाच्या बाहीला, जी मलाच धुवायला लागली. आणि मग रडत रडत तेच परत लावलंस. मी मागे उभी होते. तेवढ्यात हा तुझा बाप आत आला, कान धरून घरी न्यायला. मला विचारतो, "खेळतेय ना?" मी म्हटलं, "अभ्यास करतेय." त्याला वाटलं, मी नातीला पाठीशी घालतेय.

आत्ता लिहिता लिहिता म्हणाला, "घालतच होतीस."

"गप. लिही."

म्हणून मला कळत नाही, सोलला जाऊन तुला काय झालं. तिथे तुम्हाला खुर्च्या चांगल्या देतात, डॉक्टर मनगटं बघतो, जेवण वेळेवर असतं. आणि ज्या एका गोष्टीसाठी मी तुला अंडं दिलं तीच करायला तू तयार नाहीस. मॅनेजर म्हणाला, ती मॅच तिने अजून बघितलेली नाही. सगळ्यांनी बघितली, तिने नाही.

आता पुढचं. हे लिहायला तुझा बाप कुरकुर करणार आहे, पण हान बाई बसलीच आहे पोस्टात.

बोटी किनाऱ्याला लागल्या की दुपारी त्याला काम नसतं. बोटींवरचे दिवे दुरुस्त करून झाले की पूर्वी तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. हल्ली यायचा बंद झाला. मला वाटलं, पितोय. एक दिवस कॅफेत एका कोपऱ्यातल्या खुर्चीवरून साध्या राम्यनची मागणी आली. थाळी घेऊन गेले तर पाठ ओळखीची. टोपी डोळ्यांवर ओढलेली, जणू या बंदरात त्याला कुणी ओळखत नाही! पडद्यावर तू. तुझी तीच मॅच. मी थाळी ठेवली. दुसऱ्या दिवशी तोच, तीच. त्याच्या पुढच्या दिवशीही. मागे नेतोय, पुढे नेतोय. त्याला तो खेळ येत नाही, मग शेजारच्या मुलांना विचारतो, हे काय, ते काय, इथे हिने असं का केलं. त्या मुलाचा हात माऊसवरून सुटला होता, हे यानेच मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मॅचच्या खाली लोकांनी तुझ्याबद्दल वाईटसाईट लिहिलं होतं, त्यांना याने उत्तरं लिहिली. अशी की ग्वाक बाईने येऊन पुसायला लावली. म्हणाली, "माझा परवाना जाईल, पिलग्यू."

चौथ्या की पाचव्या दिवशी मी त्याच्या राम्यनमध्ये अंडं फोडलं.

त्याने बघितलं. मला म्हणाला, "आई, मी कुठे खेळतोय? हरली ती."

मी म्हटलं, "तूच हरला आहेस. बघायला मात्र तिचं हरणं घेऊन बसला आहेस."

तेव्हा तो उठून गेला. अंडं तसंच. आज हाताशी सापडलाय, पेन हातात आहे, उठता येत नाही. म्हणून आज मी त्याचं हरणं परत लावते. त्याची चित्रफीत कुणी काढलेली नाही. ती माझ्याच डोळ्यांत आहे. तू नीट ऐक, कारण तुझी बाजू तुला माहीत आहे, त्याची नाही. आणि पिलग्यू, तू नीट लिही, कारण तुझी बाजू तुला माहीत आहे, तिची नाही.

तू निघालीस त्या सकाळची गोष्ट. बसस्टँड. हा तुझी बॅग उचलून आला, डिकीत ठेवली. आदल्या दिवशी तो काय म्हणाला होता ते मी परत काढत नाही. "खेळणाऱ्याला या घरात जागा नाही" वगैरे. तू बसमध्ये चढलीस, त्याच्याकडे न बघता. हा थोडा वेळ उभा राहिला. मग हात झटकले, वळला आणि चालायला लागला. बस अजून हललीही नव्हती. मागे वळून बघितलं नाहीस तू, पिलग्यू. मी तिथेच होते. ही खाली उतरली. ड्रायव्हर ओरडत होता, "अगं ए, निघायचंय!" ही धावत बाकड्यापर्यंत आली. तोंड उघडलेलं होतं, काहीतरी शब्द तोंडात आणून उतरली होती. तू तिकिटाच्या खिडकीच्या पलीकडे वळला होतास. मी हाक मारणार, तर तिने माझा हात धरला. "नको आजी," म्हणाली. परत चढली. बस गेली.

हे मी तुला सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तिचं नाव काढलं की तू जेवणावरून उठायचास. किती वेळा अर्धी थाळी मांजरांना घातली मी.

पेन थांबलंय.

मी त्याला चहा करून दिला, तो कपातच निवला. आता विचारतोय, "काय म्हणणार होती?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? मला नाही सांगितलं. पत्र तिलाच चाललंय, तिला विचार."

म्हणतो, "तू सांगशील ते लिहितो. मी विचारलं असं लिहू नकोस."

आता लिहिणारा कोण आहे इथे?

तर युनसुल, माझं म्हणणं एवढंच. तुम्ही दोघंही समोरच्याचा हात न बघता "छान खेळलात" लिहून उठलात. तुझा बाप पन्नाशीला टेकलाय आणि आता कुठे खुर्चीत बसून मागे नेतोय, पुढे नेतोय. तुला तेवढा उशीर लागू नये. ती मॅच बघ. एकटीने बघ नाहीतर त्या मॅनेजरला शेजारी बसव, कसंही. कुठे माती खाल्लीस ते सापडेपर्यंत बघ. बघून झाल्यावरही बेकरीतच जावंसं वाटलं तर जा. आत्याचा पाव चांगला असतो, आणि पिठात हात घालणं काही कमीपणाचं नाही. तेव्हा माझं "बरं" खरं असेल. पण न बघता गेलीस तर रोज पहाटे पीठ मळताना तुझ्या डोळ्यांसमोर तोच हात येईल, माऊसवरून सुटणारा, आणि त्याला मागे-पुढे नेता येणार नाही. नुसता येत राहील. मी एकाला तसं दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडलेला बघितलाय. दुसऱ्याला बघायची माझी तयारी नाही.

तू खरी खेळाडू आहेस की नाही हे त्या हसणाऱ्यांना विचारू नकोस, मलाही नको. बसून बघितलंस की तुझं तुला कळेल.

इकडची काळजी करू नकोस. माझ्या गुडघ्यांची तर मुळीच नको, ते माझ्या आधीपासून म्हातारे आहेत.

तुझी आजी,
जोम-रे

लिहिणार: पिलग्यू. मी विचारलं होतं. उत्तर दे.

(ही शेवटची ओळ मी सांगितलेली नाही. बरंच खरडत बसला होता आणि विचारलं तर म्हणतो, नाव लिहिलं. एवढं लांब नाव मी त्याचं ठेवलेलं नाही. काय लिहिलंय ते हान बाई वाचेल. खोडायला मात्र लावणार नाही.)

ता. क. लॉटरी लागल्यासारखी जिनसेंगच्या मुळ्यांची महागडी खोकी पाठवू नकोस, ती ग्वाक बाईच्याच घरी जातात. तुझ्या बापाची दाढ पडलीये, त्याला चिवट काही चावत नाही. त्याच्यासाठी तुमच्या स्टेशनवर मिळतात ते अक्रोडाचे छोटे केक पाठव, आत लाल चवळीचं मऊ पुरण असतं ते. पण पोस्टाने पाठव. बॅग भरून, ते हातात घेऊन तूच दारात उभी राहिलीस, तर आधी विचारीन, मॅच बघितलीस का. नसेल बघितली तर केक आत घेईन आणि दार लावीन.