शून्य दिल्यानंतरची ओळ

३ मार्च, मंगळवार

एक गिअर थेट भंगारात! मशीनला छप्पन्न दात्यांचे चाक बसवायचे होते, बाबांनी अठ्ठावन्नचे बसवले. हात चुकला नाही, डोळे चुकले. गिअरला किती दाते कापायचे हे दिले, की मशीनला कोणती चाके जोडायची ते दादाने लिहिलेला प्रोग्राम सांगतो. पण सांगतो काळ्या खिडकीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. इंग्रजी सहा आणि आठ यांतला फरक बाबांना या वयात काय दिसणार? अक्षरे मोठी केली, तर वरचे आकडे पळून जातात.

जेवताना बाबा एवढेच म्हणाले, "अजून एक बिघडला, की वर्कशॉपचं शटर खाली. कायमचं."

मी म्हटले, नवा प्रोग्राम लिहून देते. कॉलेजात पोरांना प्रोग्रामिंगच तर शिकवते! तर केवढ्याने ओरडले — "त्याला हात लावायचा नाही!"

दादाशी धड बोलत नाहीत, पण त्याच्या प्रोग्रामला कुणी बोट लावायचे नाही. वा रे न्याय!

४ मार्च, बुधवार

दादाला फोन केला. प्रोग्रामचा मूळ कोड त्याच्या जुन्या कॉम्प्युटरबरोबरच गेला. म्हणजे आत शिरण्याची वाट बंद.

सहज म्हटले, बाबा म्हणतात, लिहून दिला नि निघून गेला, मेलो की जगलो विचारत नाही. एकदम उसळला. "मी रोज विचारतो! त्यांनी कधी दाद दिली?"

रोज? महिन्यातून एक फोन, तोही मला! रागात माणूस काय वाटेल ते बोलतो.

६ मार्च, शुक्रवार

सुचले! सुचले! आणि सुचले कुठे, तर भर वर्गात, फळ्यापाशी!

अशा काळ्या खिडकीतल्या, म्हणजे कन्सोल प्रोग्रामला पडदा ठाऊक नसतो, कीबोर्डही ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असतात फक्त नळ्या. एकीतून माणसाची उत्तरे आत येतात, दुसरीतून त्याचा मजकूर बाहेर जातो. या नळ्यांची दुसरी टोके कुठे जोडायची, हे प्रोग्राम सुरू करणारा ठरवतो. मग तो सुरू मीच करीन! काळी खिडकी लपवायची. बाहेर येणारा मजकूर माझ्या खिडकीत तळहाताएवढ्या अक्षरांत दाखवायचा. बाबा मोठमोठ्या बटणांवर जे आकडे दाबतील, ते आतल्या नळीत सोडायचे. दादाच्या प्रोग्रामला पत्ताही लागणार नाही!

बाबांना हे सगळे कागदावर काढून दाखवले. पुष्कळ वेळ पाहिले. मग — "म्हणजे आतलं तसंच राहणार ना?"

तसेच, बाबा. अक्षरन् अक्षर.

"मग कर."

७ मार्च, शनिवार

खिडकी उघडली. कोरी! ना प्रश्न, ना उत्तर, ना चूक झाल्याची तक्रार. नुसती बसून आहे.

बाबांच्या हाताखाली आयुष्य काढलेले मिस्त्री दारातून डोकावून गेले. "ताई, खिडकी होतेय, का सुतार बोलावू?"

८ मार्च, रविवार

सापडले!! माझी खिडकी ओळ पूर्ण होण्याची वाट पाहत होती. दादाचा प्रोग्राम मात्र "दाते किती?" असे विचारून ओळ अर्धीच सोडतो, उत्तर शेजारी लिहिता यावे म्हणून. तो उत्तरासाठी खोळंबलेला, मी ओळीच्या शेवटासाठी. दोघेही सभ्यपणे गप्प! घराण्याची खोडच ही.

उपाय अगदी सोपा. ओळीची वाट पाहायची नाही, आले ते अक्षर लगेच दाखवायचे. तसे केले, आणि पडदाभर — "दाते किती?"

उठून टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

९ मार्च, सोमवार

वर्कशॉपमध्ये चालू केले. बाबांनी चष्मा मुद्दाम खिशात ठेवला. "छप्पन्न." दोन पावले मागे जाऊन पुन्हा, "छप्पन्नच!"

मिस्त्री म्हणाले, "मालक, आता रस्त्यापलीकडून वाचा."

गिअर कापला. बाबांनी प्रत्येक दात्यावरून बोट फिरवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमलंय." बाबांच्या तोंडून एवढे म्हणजे हारतुरेच!

दिवसअखेर त्यांनी नेहमीसारखा शून्य दिला. शून्य म्हणजे काम संपले. प्रोग्राम बंद झाला आणि माझ्या खिडकीत एक ओळ उरली. अक्षरे रोमन, भाषा आपली —

"बाबा, झालं ना काम? आता जेवून घ्या."

ही ओळ मी लिहिलेली नाही.

मग लख्ख उमगले. डबल क्लिक करून उघडलेली काळी खिडकी प्रोग्राम संपताक्षणी मिटते. शेवटची ओळ उमटते आणि तिच्याबरोबरच जाते. दादा स्वतःच्या कॉम्प्युटरवर कमांड देऊन चालवून पाहायचा, तिथे खिडकी उघडी राहते, ओळही राहते. त्याला वाटले, बाबांनाही दिसते! आमच्या पेशातली किती जुनी चूक ही! आणि पद्धतशीर म्हणवणारी मी? सगळे आकडे तपासले, शून्य सोडून. दर वेळी फुलीवर क्लिक करून मोकळी.

रोज विचारतो म्हणाला होता. खरेच रोज विचारत होता.

मिस्त्री दिवा घालवायला गेले.

"थांब जरा," बाबा म्हणाले. "वाचतोय."

१० मार्च, मंगळवार

पान वाढले तसे बाबा मुकाट जेवले. हात धुऊन आले, माझा फोन मागितला आणि दादाचा नंबर स्वतः लावला. हॅलो नाही, काही नाही —

"जेवलो रे. तू?"