वन्संची उडी आणि विजारीचं इलॅस्टिक

ता. ४ मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही गेलात आणि बैठकीची खोली पुन्हा दिसू लागली. तुमचं पॅराशूट पसरलेलं असेपर्यंत हे भिंतीला चिकटून चालत होते. रविवारी म्हणे स्वतः घडी घातलेलं पॅराशूट घेऊनच विमानातून उडी मारायची! अहो, तुमच्या टॉवेलांच्या घड्या मी पाहिल्यात.

एक चांगली बातमी. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी सहज डोकावले. दोऱ्यांचे वेटोळे ज्यांत अडकवता ती रबरं इतकी लेचीपेची, की हात लावताच एक तुटलं. दुकानदाराने चक्क टोपी घातली तुम्हाला. मी सगळी काढली आणि ह्यांच्या जुन्या विजारीतलं इलॅस्टिक दुहेरी टाक्यांनी बसवलं, टाक्यागणिक देवाचं नाव घेऊन. आता तुटायची बिशाद नाही. उगाच तपासत बसू नका.

लोभ आहे, तो रविवारनंतरही राहावा.
तुमची वहिनी

ता. ७ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राआधीच तुमचं इलॅस्टिक सापडलं. वहिनी, ती रबरं तुटण्यासाठीच असतात हो! दोरी कुठे अडकली तर रबर तुटून ती मोकळी व्हायला हवी. तुमच्या इलॅस्टिकने तिला सोडलं नसतं, मला मात्र सोडलं असतं, थेट जमिनीवर.

घडीआधी इथे सगळं तपासावंच लागतं. कापड उजेडाला धरून भोकं बघायची, एकेक दोरी हातातून ओढत गुंता बघायचा, जुनी रबरं बदलायची. तोवर घडीला हात लावला तर उडी शिकवणाऱ्या मास्तरीणबाई हाकलून देतात. त्यांनी विचारलं, हा उद्योग कुणाचा? मी म्हटलं, आमच्या घरातल्या देवमाणसाचा. टाके उसवायला तिघी लागलो.

दादाला सांगा, त्याची विजार देशोधडीला लागली. माया आहे, ती हातात सुई न घेता करावी.
तुमची नणंद

ता. ९ मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून घास घशाखाली उतरत नाही. नणंद म्हणून तुमच्या नावाने बोटं मोडली असतील, नाही म्हणत नाही. पण तुमचा जीव घ्यायचं मनातसुद्धा नव्हतं. ही उडी रद्द करा. हे म्हणतात, ती ऐकणार नाही, आमच्या घराण्यात अक्कल उशिरा येते. नाहीच ऐकलंत, तर एकेक दोरी पुन्हा बघा. मी पोथीची जास्तीची पानं वाचते आहे, आणि देवाला बजावलंय की घडीचं वन्सं बघतील, वाऱ्याचं तू बघ. दोघांपैकी कुणी चुकलं तर माझ्याशी गाठ आहे.

रागवा, पण लोभ तोडू नका.
तुमची वहिनी

ता. १२ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधी जेवा. पॅराशूट उघडलं. मी कोबीच्या शेतात उतरले. गुडघा खरचटला आणि दोन गड्डे फुटले, बाकी ठीक.

दारातून पाय बाहेर टाकताना भलेभले देवाचा धावा करतात म्हणे. मी जिवाच्या आकांताने वहिनीला हाक मारली. ती धावा म्हणून मारली की शिवी म्हणून, असं मास्तरीणबाई विचारतात. मलाही अजून नक्की सांगता येत नाही.

आहे तो लोभ असाच असू द्यावा.
तुमची, अखंड, नणंद