कबाबवाला दुसऱ्यांदा विचारत नाही

कामठी,
मंगळवार

ती. शामलाताईस,

धाकट्या वामनचा साष्टांग नमस्कार. (मनातून घातला आहे. कंबर धरलेली आहे, खाली गेलो तर हे पत्र पूर्ण व्हायचं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? मिरच्या वाळत घालायला गच्चीवर चढू नकोस असं मागच्या पत्रातही लिहिलं होतं आणि तू चढली असशील हेही मला ठाऊक आहे. भाऊजी गेल्यापासून भिवापूरच्या एवढ्या घरात तू एकटी, त्यात त्या जिन्याला कठडा नाही. कुणाला तरी सांगून लावून घे. माझं म्हणशील तर डोकं सोडून बाकी सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

विहंगने प्रताप नगरच्या नव्या फ्लॅटमध्ये बापासाठी खोली ठेवली आणि बापाने तिथे राहायला जायला चक्क नकार दिला, ही बातमी एव्हाना भिवापूरला पोचली असेलच. बातमी खरी आहे. पण जशी दिसते तशी ती खरी नाही, आणि या सगळ्याचं मूळ एका तुर्की कबाबाच्या दुकानात आहे. म्हणून सविस्तर लिहितो. चष्मा लावून बस.

शनिवारी विहंगचा फोन आला की, बाबा, उद्या दुपारी जेवायला या, महत्त्वाचं बोलायचं आहे. मला वाटलं घरी बोलावतोय. तू पाठवलेलं अर्धा किलो तिखट सुनेसाठी पिशवीत घेतलं, इस्त्रीचा सदरा घातला आणि शेअर ऑटोत बसलो. (बसलो म्हणजे एका गृहस्थांच्या मांडीवर टेकलो. ते इंदोऱ्याला उतरले तेव्हा आमची चांगली ओळख झाली होती.) वाटेत विहंगने दुसराच पत्ता कळवला; शोधत गेलो तर ते घर नव्हे, दुकान. दारावर लाल गोंडेवाल्या टोपीचं चित्र, आत रंगीत काचांचे दिवे आणि गर्दी अशी की रेशनच्या रांगेची आठवण यावी. हर्षा दारातच उभी होती. वाकून नमस्कार केला, तिखटाची पुडी घेतली, "अय्या, आत्याबाईंचं तिखट!" म्हणाली आणि ती पर्समध्ये टाकून चेन ओढून घेतली. ही चेन लक्षात ठेव.

तुर्कस्तान म्हणजे तुला सांगतो, एक उभी सळई. तिच्यावर कोंबडीचे पातळ काप एकावर एक दाबून बसवतात, मागावरून काढलेला कापडाचा तागा उभा करून ठेवावा तसं दिसतं, आणि ते प्रकरण विस्तवासमोर गरागरा फिरत राहतं. मालकाला मी विचारलं की आपण तुर्कस्तानात कुठले. तो म्हणाला इतवारीतला, पण मसाला तिकडचा आहे. बसायला उंच स्टुलं. पाय जमिनीला टेकत नाहीत. अडुसष्टाव्या वर्षी मी पाय लोंबकळत बसलो होतो, आणि ताई, ज्याचे पाय टेकलेले नाहीत अशा माणसाला आयुष्याचे प्रश्न विचारू नयेत असं माझं ठाम मत झालं आहे.

तर काउंटरवर. तिथे एक मिशीवाला गडी लांबलचक सुरी घेऊन उभा असतो. तो पोळीसारखं काहीतरी पसरतो, त्यावर मांसाचे काप टाकतो आणि पुढे मांडलेल्या वाट्यांवर बोट ठेवत एकेक गोष्ट विचारतो. आपल्याकडे विचारण्याची रीत काय आहे हे तुला मी सांगायचं म्हणजे कमाल आहे. तू पंगतीत वाढायला उभी राहिलीस की माणसं आधीच कमरेचा पट्टा सैल करून बसतात. पहिलं 'नको' हा नुसता शिष्टाचार, ते वाढणाराही ऐकत नाही. दुसरं 'नको' म्हणजे विचार चालू आहे. तिसऱ्या वेळी पानावर हात आडवा धरायचा, पण बोटं फाकवून, म्हणजे तुपाची धार खाली जायला वाट राहते. (आपले बाबा तर इतकी फाकवायचे की त्यातून जिलबी जायची.) सगळ्या विदर्भाला हे कळतं. त्या मिशीवाल्याला कळत नाही. "अंकल, प्याज?" मी सवयीने म्हणालो, नको नको. तो पुढच्या वाटीवर गेला. मला वाटलं, परत येईल. "गोबी-गाजर?" राहू दे. "लसणाचा सॉस?" कशाला उगीच. आणि मग, ताई, लिहायला लाज वाटते, त्याने मिरचीच्या वाटीवर बोट ठेवलं आणि मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापुरात जन्मलेला मी तिलाही नको म्हणालो! त्याने पोळी गुंडाळली, कागद लावला आणि विचारलं, "डाएट पे हो क्या, अंकल?" दुसऱ्यांदा म्हणून त्याने एवढंच विचारलं.

टेबलाशी आलो. विहंगच्या गुंडाळीतून सॉस ओघळत होता, हर्षाच्या गुंडाळीतून हिरवं-लाल डोकावत होतं आणि माझ्या हातात कोरडी पोळी, कोरडी कोंबडी. पहिला घास घशात असा अडकला की डोळ्यांत पाणी आलं. दीड हातावर पर्समध्ये तुझं अर्धा किलो तिखट होतं. पण सुनेला दिलेली वस्तू चिमूटभर परत मागायची कशी? ती म्हणेल म्हणून वाट पाहिली. चेन काही उघडली नाही.

अशा अवस्थेत विहंगने विचारलं. म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी बाल्कनीवाली खोली ठेवली आहे. कामठीत एकटे काहून राहता? येऊन जा ना आमच्याकडे राहाले." ताई, किती दिवस मी या वाक्याची वाट पाहत होतो! वास्तूच्या दिवशीच ती खोली बघून ठेवली होती. खाट कुठे, रेडिओ कुठे, सगळं मनात लावून झालं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नको रे बाप्पा, मले काय करायचं तिथं? माझं कामठीत मस्त चालू आहे." झालं. मी मान खाली घालून दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहू लागलो. हात गुंडाळीवर आडवा होता. बोटं, शपथेवर सांगतो, पुरेशी फाकवलेली होती.

विहंग म्हणाला, "ठीक आहे, बाबा. तुमच्यावर जबरदस्ती नाही." आणि त्याने मोठा घास घेतला. हर्षा म्हणाली, "बरं झालं विचारून घेतलं. बाबांच्या मनाविरुद्ध काहीच नको." काय ही गुणी पोरं! इतका मान कुणी कुणाला देऊ नये. मोठ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायची नाही, हे मीच त्याला लहानपणी छडी घेऊन शिकवलं. गणित शिकवलं ते विसरला, नेमकं एवढंच लक्षात ठेवलं. वर हर्षा त्याला म्हणते, "मग त्या खोलीत ट्रेडमिल ठेवून देऊ. पुढच्या रविवारी येऊनच राहिली आहे." म्हणजे मी जिवंत, हिंडता-फिरता माणूस इथे बसलेला असताना माझी खोली एका यंत्राला मिळाली, ज्यावर तासभर चालूनही माणूस कुठे पोचत नाही! त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कोणावर काढायचा तेच कळेना, म्हणून मी उरलेला कबाब संपवला.

शेवटी विहंगने विचारलं, "बाबा, चहा?" तोवर मला शहाणपण आलं होतं. त्याचं 'चहा' पुरतं व्हायच्या आत मी "हो!" म्हणून ओरडलो. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. चहा आला तो कमरेत बारीक ग्लासात, बिनदुधाचा, कडू. तोही प्यालो. एवढ्या मोठ्याने हो म्हटल्यावर टाकणार कसा?

तेव्हा सांगायचं एवढंच की मी कामठीत अगदी सुखात आहे. वाटीभर तांदूळ कुकरला लावतो, दोन शिट्ट्यांत काम होतं, बोलायला पेपर आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि विहंगला काही बोलू नकोस. तब्येतीला जप, उत्तर सवडीने पाठव.

तुझा,
वामन

ता. क. सवडीने नको, पत्र मिळाल्याबरोबर विहंगला फोन कर. ट्रेडमिल रविवारी येते आहे. आत्याला तो घाबरतो. बापाला पुन्हा एकदा विचार म्हणावं, आणि या वेळी घरी, खाली पाटावर बसवून. हे तुझ्याच मनातून आलं असं सांग. माझं नाव काढलंस तर मी साफ नाकबूल करीन.

ता. क. दुसरा. मी दुसऱ्यांदाही नको म्हणेन, ते मनावर घेऊ नये असंही त्याला बजाव. किंवा राहू दे, धोका नको. दुसऱ्यांदाच हो म्हणतो. दूधवाल्याला रविवारपासून बंद सांगितलं आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना एक आठवलं म्हणून पुन्हा उघडलं. भाऊजींच्या तेराव्याला मी तुला म्हणालो होतो, ताई, चल कामठीला आमच्याकडे. तू म्हणालीस, "नको रे वामन, मले इथंच बरं आहे." मी 'बरं' म्हणालो आणि चारच्या बसने निघून आलो. आठ वर्षं झाली. तुझा हात त्या दिवशी आडवा होता खरा, पण बोटं मी बघितलीच नाहीत. तर आता दुसऱ्यांदा विचारतो: येतेस? मी जिथे असेन तिथे, ट्रेडमिल बाहेर काढायला लावू. आणि नको लिहिलंस, तर तिसऱ्यांदा विचारायला मी स्वतः भिवापूरला येतो आहे.