देवाला बोलू न देणारी

सिस्टर, मागच्या रविवारी मिस्सेची प्रार्थना संपल्यावर आमच्या फादरांनी मला पायरीवरच गाठलं. वयानं ते माझ्या धाकट्या मुलाएवढे आहेत, आणि चर्चमध्ये प्रोजेक्टर बसवल्यापासून देवाचं निम्मं काम उरकलं अशा समजुतीत असतात. येता रविवार पाचारणाचा, देवाच्या बोलावण्याचा, त्या दिवशी मुलींशी तुम्ही बोला, म्हणाले. आपल्या आयुष्याचं काय करायचं हे देवाला प्रार्थनेत कसं विचारायचं, त्याची हाक कशी ओळखायची, असं काहीतरी, अर्धा तास. तुम्ही जुन्या बोर्डिंगच्या, सिस्टरांच्या हाताखाली वाढलेल्या. मी म्हटलं, फादर, चुकीच्या दारात आलात. ते हसले. त्यांना तो माझा नम्रपणा वाटला. टेलिफोन खात्यात नोकरी केली, दोन सुना आणल्या, माझ्यावर नाना आरोप झाले, पण नम्रपणाचा हा पहिलाच.

मग त्यांनी आतल्या पुढच्या बाकाकडे बोट केलं. सगळे बाहेर पडले होते, एक मुलगी तेवढी गुडघ्यांवर होती. बारावीला असेल. ही पोर बघा, म्हणाले, रोज येते, तासभर हलत नाही, हिला नक्की पाचारण आहे, घरचेही तयार आहेत, जूनमध्ये सिस्टर व्हायला पाठवायची आहे. हिच्याशी जरा वेगळं बोला. मी बघितलं. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि ओठ भराभर हलत होते, मध्ये श्वासापुरतीही जागा न ठेवता. सिस्टर, ते ओठ बघून माझी जुनी भीती जागी झाली. ज्यांना विचारावं त्या तुम्ही, तिकडे केरळात कधीच्या मातीआड गेलात.

माझी भीती कुठे सुरू झाली ते तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पण बोर्डिंगच्या कोठीत दूध-पावडरीचे डबे अजून रचलेले होते. मी चौदा वर्षांची. त्या आठवड्यात स्वयंपाकघराची पाळी माझी. चुलीवर वरणाचं मोठं पातेलं, मी डाव घेऊन उभी, तुम्ही खाली बसून तांदूळ निवडताय. पोस्टमन मागच्या दारानं येतो. तुम्ही तार उघडता, वाचता, घडी घालता, झग्याच्या खिशात ठेवता आणि मला म्हणता, "वरण खाली लागत आहे. तळापासून ढवळ." संध्याकाळची जपमाळ तुम्हीच म्हणायला घेतली, आवाज नेहमीचाच. तुमची आई वारली हे मला दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशींकडून कळलं. मग सिस्टर गावाला का गेल्या नाहीत, असं मी विचारलं. मावशी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "कशा जातील? पोचंस्तोर माती होऊन गेली असंल. आन् त्यांच्यात परवानगी लागती. एकदा देवाची झाली की घरची ऱ्हात न्हाई बाई." सहज बोलून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, आणि मी तिथल्या तिथे ठरवलं की देवानं मला हाक मारता कामा नये. माझी आई टेंभुर्णीत दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. ती गेली तर मी वरण ढवळत उभी राहणार नव्हते.

पण तुमचा पहिला शुक्रवार चुकवता येत नव्हता. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी तासभर आराधना, आणि तुमचं तेच एक सांगणं. पाठ केलेलं सगळं आधी म्हणून टाका, मग प्रभूला विचारा, माझ्याकडून तुला काय हवं आहे, आणि गप्प बसा. तो मोठ्यानं बोलत नाही, तुम्ही बडबड थांबवल्याशिवाय ऐकू येणार नाही. तुमच्या पुस्तकी मराठीत ते फार गोड वाटायचं. बाकीच्या पोरी त्या गप्प तासात डुलक्या काढायच्या, नाहीतर घरच्या आठवणीनं डोळे पुसायच्या. मी घाबरून अर्धी व्हायची. तो बोलतो कधी, तर आपण गप्प असताना. म्हणजे उपाय सोपा होता. मी गप्पच बसले नाही. जपमाळ संपली की संतांच्या नावांची लितनी, लितनी संपली की येशूच्या दुःखांची क्रूसाची वाट, तीही संपली की पुन्हा जपमाळेतलं नमो मरिये. एकदा सगळं आटोपूनही वेळ उरला तेव्हा मी तेराचा आणि सतराचा पाढा म्हटला, हात जोडून. झोप लागली तर तेवढ्यात तो बोलून जाईल म्हणून गुडघ्यांवरून उठायची नाही. पहिल्या शुक्रवारानं भागेना, तेव्हा रोज जायला लागले. रात्री अंथरुणातही ओठ हलत. शेजारची पोर विचारायची, काय पुटपुटून राह्यली गं, तर मी तिच्याकडे पाठ फिरवायची.

आणि मग जे व्हायचं ते झालं. पोरी मला "छोटी मदर" म्हणायला लागल्या. भांडण झालं की म्हणायच्या, छोट्या मदरला विचारा, तिचं वर बराबर वजन आहे. मावशी माझ्या ताटात जास्तीचा गूळ ठेवायच्या. त्या वेळचे फादर, त्यांच्या पांढऱ्या दाढीची आम्हाला देवाइतकीच धास्ती, ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले की या बोर्डिंगमधून एक तरी धर्मभगिनी निघणार, आणि ती कोण हे मी सांगायला नको. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून मी आणखी जोरानं प्रार्थना केली, आणि जितकी केली तितकी त्यांची खात्री पटत गेली. कोणाला सांगणार? नको म्हटलं तर तेही तो ऐकणार. मी त्याला नकार दिलाय हे त्याला कळलं तर माझ्या आईला काय होईल, इथवर माझी अक्कल पळाली होती.

नाताळच्या सुट्टीत टेंभुर्णीला गेले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. बाबा धर्मशिक्षक, गावोगाव सायकलवर फिरून शिकवण देणारे. त्यांनी आमच्या सगळ्या ख्रिस्ती घरांत सांगून टाकलं होतं. इतका ताठ चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ज्या वाण्याच्या दुकानाच्या पायरीखाली आम्ही उभे राहायचो, त्यालासुद्धा सांगून आले की पोरगी सिस्टर होऊन राह्यली. आईनं संध्याकाळी चुलीपाशी मला जवळ बसवलं आणि विचारलं, "तुला जायचंय का?" मी म्हटलं, देवाची मर्जी. "देवाची मर्जी मला नको सांगू. ती तुझे बाबा रोज सांगतेत. तुझी सांग." मी चुलीतलं लाकूड आत सारलं. तिनं पुढची भाकरी घेतली.

नव्यानं आलेली दहावीची परीक्षा मी दिली आणि एप्रिलात बाबा मला न्यायला आले. व्हरांड्यात ते आणि फादर खुर्च्या टाकून बसले होते, मला मठात पाठवायला तुमचा होकार तेवढा राहिला होता. तुम्ही मला चॅपलमध्ये नेलंत, माझ्या हातातली माळ काढून घेतलीत आणि शेजारी बसलात. आज काही म्हणायचं नाही, म्हणालात. ती भीती अजून माझ्या अंगात आहे, सिस्टर. बाहेर रस्त्यावरून जाफ्राबादची एसटी गेली, कुठेतरी शेळी ओरडली, मग तेही थांबलं. मी नकळत नमो मरिये सुरू केलं. तुम्ही माझ्याकडे न बघता एकच शब्द बोललात, "ओठ." मी ओठ मिटले. कोणीतरी माझ्या मागे येऊन उभं आहे आणि आता नाव घेणार, असं वाटून मी रडायलाच लागले. मला यायचं न्हाई सिस्टर, एवढंच तोंडून निघालं.

"हे त्याला सांगितलंस?"

"न्हाई."

"इतके दिवस त्याच्याशी बोलते आहेस. आणि हेच सांगितलं नाहीस?"

"मंग त्यानं ऐकलं असतं."

तुम्ही हसला नाहीत, याबद्दल मी आजही तुमची ऋणी आहे. मी तारेचं विचारलं. त्या दिवशी तुम्हाला भीती नव्हती वाटली का? तुम्ही माझी माळ बोटांवर गुंडाळलीत. मग म्हणालात, "भीती मला घरून निघाले तेव्हापासून आहे. पण मला यायचंही होतं. दोन्ही होतं. तुझ्यापाशी नुसती भीती आहे, बाळ. नुसत्या भीतीला पाचारण म्हणत नाहीत." आणि उठून बाहेर गेलात. व्हरांड्यात फादर म्हणत होते की हिच्याइतकी प्रार्थना इथे कोणी करत नाही. त्यावर तुमचं उत्तर मी दाराआडून ऐकलं. ही देवाला बोलूच देत नाही, फादर. हिला घरी जाऊ द्या.

आता यावर माणसानं सुटकेचा श्वास सोडावा की नाही? मी चिडले. वर्षभर ज्यासाठी गुडघे फोडले ते मिळालं, आणि एसटीत बाबांशेजारी बसल्यावर मला वाटलं, मी काय एवढी टाकाऊ? तुमच्यावरचा तो राग मी पुष्कळ वर्षं सांभाळला. तुम्हाला माझे ओठ पहिल्या महिन्यापासून दिसत होते. मग वर्षभर थांबलात कशासाठी? बाबांनी वाण्याला सांगून येईपर्यंत? त्यांनी त्या दुकानाकडे पुन्हा पाय वळवला नाही. मीठसुद्धा आई आणायची. हे तुम्हाला कोणी कळवलं नसेल, म्हणून मी कळवते.

पण आज राग बाजूला ठेवून विचारते. तुम्हाला कसं कळलं? चुकले तर, अशी भीती तुम्हाला वाटली नाही? ती पुढच्या बाकावरची पोर माझ्यासारखीच दडून बसली असेल, तर जूनच्या आत कोणीतरी तिच्याशेजारी बसायला हवं. आणि ती खरोखरच बोलावलेली असेल, नुसती ओठ हलवत प्रार्थना म्हणायची सवय असेल तिला, आणि मी तिच्या चेहऱ्यात माझाच चेहरा बघून तिला परत फिरवली, तर? तुमच्यापाशी दोन्ही होतं, म्हणून समोरच्याकडे काय आहे ते तुम्हाला ओळखता आलं. मला एकच ओळखता येतं. ज्या पोरीकडे बघेन तिच्यात मला तेवढंच दिसणार. आणि गप्प बसले तर फादर प्रोजेक्टर लावून तिला पाठवून मोकळे होतील.

तिला काय विचारायचं ते मला ठाऊक आहे, आईनं आणि तुम्ही शिकवून ठेवलंय. पण त्याआधी तिच्याशेजारी गप्प बसावं लागेल, आणि त्या एप्रिलनंतर मी कधी तशी बसलेले नाही. मिस्सेत ख्रिस्तप्रसादानंतर सगळे शांत होतात तेव्हा मी पर्समध्ये चष्म्याचं घर शोधते. या आठवड्यात रोज संध्याकाळी चर्चपर्यंत जाऊन आले. ती आत असते. मी दारातून बघते आणि रिक्षा करून परत येते.

हे पत्र घालायला पेटी नाही, ते मला कळतं. फादरांनी बजावलं होतं की बोलायच्या आधी प्रार्थना करा, काय सांगायचं ते त्यालाच विचारा. सकाळपासून मी हे लिहीत बसले आहे, सिस्टर. लिहीत असेपर्यंत ऐकावं लागत नाही.