फोनमधला केर

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज फोनने संपच पुकारला! मी माझी रोजनिशी बोलतेय आणि हा लिहीतच नाही. माईकचं चित्र दाबलं की लाल पट्टी. सूनबाईला दाखवलं. सुचेता म्हणाली, "आई, जागा भरलीय. नको ते काढून टाका. कचऱ्याचा डबा दाबायचा, झालं." आणि गेली शाळेत शिकवायला. मला अक्षर ओळखता येत नाही, पण डबा येतो!

बसले मागच्या अंगणात पेरूखाली. फोन तिचाच जुना, नवा घेतला तेव्हा मला दिला. आत बघते तर कोण — आमच्या विहीणबाई! कमलिनीबाई चकल्या पाडतायत, कमलिनीबाई भजन म्हणतायत, कमलिनीबाई लेकीला दटावतायत — "सुचू, जेवलीस की नाही? नुसतं हो-हो नको करूस!" गेल्या वर्षी वारल्या, पण माझ्या फोनात मुक्काम ठोकून होत्या. माझे फोटो शोधावेत तर दोन-चार, तेही डोळे मिटलेले.

बाई उज्जैनच्या. नाकातून हेल काढून बोलायच्या. मी हुबेहूब नक्कल करायचे — "विमलताई, शेव घातल्याशिवाय पोह्यांना मजाच नाही येत!" माझा रवी पोट धरून हसायचा. सुचेता उठून आत जायची.

असो. कपाट आपल्याला मिळालं की आधीच्याचे कपडे काढतोच ना आपण? तिने तिचे नव्या फोनात नेलेच असतील. काढले सगळे. डबा भरला. दिवेलागणीनंतर केर बाहेर टाकत नाहीत, म्हणून त्याआधीच डबासुद्धा रिकामा केला.

आता बघ कसा भराभर लिहितोयस!

३० ऑक्टोबर, सोमवार

घरात गोंधळ. सुचेताने कम्प्युटर उघडला, तर आईचे व्हिडिओ नाहीत. नव्या फोनातही नाहीत. पुढच्या बुधवारी कमलिनीबाईंचं वर्षश्राद्ध. उज्जैनहून भाऊ येणार, त्याला आईचं भजन ऐकायचंय.

रवी म्हणाला, "अपडेटने घोळ केला असणार. थांब, बंद करून चालू करतो." तीनदा बंद केला, तीनदा चालू केला. कारखान्यात घराएवढी यंत्रं वठणीवर आणतो, पण हे खोकं काही ऐकेना.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

मी डबा रिकामा केला तो फोनातला. कम्प्युटरमधलं कसं जाईल? माझं नसणार ते. नसणारच.

२ नोव्हेंबर, गुरुवार

"आई, तुझा फोन दे जरा. वायर लावून बघू." रवीने हात पुढे केला. दिला.

कम्प्युटर म्हणे फोनला ओळखतच नाही. नुसता चार्ज करतोय. दुसरी वायर लावली. मग ओळखलं, तर पासवर्ड मागितला. पासवर्ड घातला, तर म्हणे चुकलाय. नवा करायला गेला, तर नंबर आला सुचेताच्या फोनवर आणि ती आंघोळीला! रवी न्हाणीघराच्या दाराशी ओरडतोय, ती आतून आकडे ओरडतेय. एरवी मी हसून हसून बेजार झाले असते.

शेवटी आत शिरला. "यातही नाहीत गं!"

माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. म्हातारीला काय कळतंय! अडाणी असण्याचा जन्मात पहिल्यांदा फायदा झाला. मी उठून शिरा केला. कुणी न मागता.

४ नोव्हेंबर, शनिवार

सुचेताने बिट्टन मार्केटमधल्या दुकानात कम्प्युटर नेऊन आणला. तिथला माणूस म्हणाला म्हणे, "मैडम, सबका खाता एक ही है. एक जगह से उडाया तो सब जगह से उडेगा. और किसी ने ट्रैश भी खाली किया है. अब कुछ नहीं होगा."

म्हणजे मीच.

सुचेता रडत म्हणाली, "नवा फोन लावताना काहीतरी विचारलं होतं. मी न वाचता हो दाबलं. माझंच चुकलं." आणि रवी — माझाच ना तो — म्हणतो कसा, "मास्तरीण आहेस, दाबायच्या आधी वाचावं तरी!"

मी कोथिंबीर निवडत होते. निवडत राहिले.

५ नोव्हेंबर, रविवार

ती जेवली नाही. मी जेवले. घास उतरला, हेच वाईट.

आणि तुला खोटं का सांगू. त्या दिवशी एकेक कमलिनीबाई डब्यात टाकताना मला जरा बरंच वाटलं होतं.

७ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हटलं, "सुचेता, तू नाही गं. मी केलं. जागा करायला."

हात थांबले तिचे. "पण डबा का रिकामा केलात, आई? डब्यात तरी राहिले असते ना!"

"दिवेलागण होत आली होती."

ओरडली असती तर बरं झालं असतं. हात धुतले आणि आत गेली. पोळ्या मी केल्या. जाड झाल्या.

८ नोव्हेंबर, बुधवार

श्राद्ध झालं. भावाने विचारलं, "भजन?" सुचेता म्हणाली, "माझ्या हातून गेलं, दादा." माझं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

आज धनतेरस. तिन्हीसांजेला सुचेता अंगणात आली. पेरूखाली माझ्याशेजारी बसली. मंगळवारपासून पहिल्यांदाच.

"आई, ती नक्कल करा ना."

मला वाटलं, टोमणा मारतेय. म्हटलं, "नको गं. लाजवू नकोस."

"टोमणा नाही. तुमच्याइतकं हुबेहूब कुणालाच येत नाही. मला सुचू म्हणा." तिने नवा फोन माझ्या तोंडापाशी धरला. लाल ठिपका पेटलेला.

घसा खाकरला. नाकातून, हेल काढून म्हटलं, "सुचू, जेवलीस की नाही? नुसतं हो-हो नको करूस!"

"हो, जेवले," ती म्हणाली.

जेवली नव्हती.